मधल्या पायरीचा मान

पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. वारकरी तिच्यावर पाऊल ठेवीत नाही. वाकून तिला हात लावतो, कपाळ टेकतो आणि मग आत शिरतो. देवळाचे शिखर कोसभरावरून दिसते खरे, परंतु देवापाशी नेते ती पायरी, ही जाण आपल्या लोकांना फार जुनी आहे. देवळाबाहेर मात्र आपण ती झटकन विसरतो. एखाद्या खेळाडूला ऑलिंपिकचे पदक मिळाले की हत्तीवरून साखर वाटायला आपण तयार असतो. पण ज्या लहानमोठ्या स्पर्धांतून तो वर आला, त्यांची नावे विचारली तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. दिवाळीच्या फराळाला कडबोळ्याची आणि वाचकांना निवांतपणाची जोड असते, तेव्हा या निवांत वेळी अशाच एका पायरीची हकीकत सांगावी म्हणतो. ही पायरी अगदी खालची नव्हे आणि अगदी वरचीही नव्हे. मधली आहे, आणि सारा जिना तिच्यावर तोलला आहे.

साहेबी खेळांनी या मधल्या पायरीचे महत्त्व उघडपणे मान्य केले आहे. गोल्फचेच पाहा. हा खेळ आपल्या देशात काही कालपरवा आला नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना. आपल्याकडे नाशिकला गोल्फचे मैदान होते. आता तेथे क्रिकेटचे सामने होतात, मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे, तरी नाशिककर अजून त्याला ‘गोल्फ क्लब’च म्हणतात. खेळ गेला, नाव उरले! या गोल्फमध्ये पैशासाठी खेळणाऱ्यांची एक मोठी फेरी असते, आणि तिच्या खाली मुद्दाम बांधलेली दुसरी फेरी असते. युरोपात ती १९८६ साली सुरू झाली, अमेरिकेत १९९० साली. तिथे बक्षिसे लहान आणि नावाचा गाजावाजा थोडा; परंतु वर्षभर तिथे जो टिकला त्यालाच वरचे दार उघडते. आपल्या देशात व्यावसायिक गोल्फपटूंची आजची फेरी २००६ साली उभी राहिली. जगाच्या मानाने ती मधलीच पायरी. पण पुण्याचा उदयन माने तिच्यावरच घडला आणि २०२१ साली तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये खेळून आला.

गोल्फ आपल्यापैकी किती जणांनी पाहिला असेल, देव जाणे. परंतु अशीच एक मधली पायरी मराठी मुलखाने आपल्या हाताने, आपल्या मातीत बांधली आहे. तिचे नाव ‘महाराष्ट्र केसरी’.

या जिन्याची तळची पायरी पाहायची तर दिवाळीनंतर सोलापूर जिल्ह्याच्या कोणत्याही कोपऱ्यात जावे. दुधनीकडेच चला. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, अक्कलकोट तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. येथून पुढे महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होतो. पण ते नकाशात. माणसांच्या जिभेवर दोन्ही भाषा एकाच दमात येतात. आडत्याच्या दुकानात तुरीचा भाव मराठीत सुरू होतो आणि कानडीत तुटतो. मराठी ज्याला तालीम म्हणते त्याला कानडी गरडी म्हणते. लाल माती मात्र दोघांची एक. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती लोण्यासारखी मऊ करायची रीतही एक.

सुगी आटोपली की या भागात जत्रा सुरू होतात. सकाळी पालखी, दुपारी कुस्त्या. हलगी कडाडू लागली की गावातली पोरे आपोआप फडाकडे ओढली जातात. आधी लहानग्यांच्या कुस्त्या. त्यांचे इनाम रेवड्या किंवा नारळ. मग पाच-दहा रुपयांच्या, मग शेकड्यांच्या, आणि दिवस कलता कलता शेवटची मोठी कुस्ती. तिच्यासाठी कोल्हापूरचा नाहीतर सांगलीचा मल्ल बोलावलेला असतो. फेटे बांधायचे, सलामी द्यायची, शड्डू ठोकायचा आणि कुणी तरी आसमान पाहीपर्यंत लढायचे. ज्याने नारळ जिंकला तो आठवडाभर छाती काढून फिरतो. आई त्याला एक पेला दूध जास्त देते. पैलवानकीची सुरुवात ती इतकीच.

परंतु जत्रेची कुस्ती नेमलेली असते. कुणाची कुणाशी लावायची, हे पंचमंडळी आणि वस्ताद ठरवतात. पंचक्रोशीत गाजलेला गडी पन्नास मैलांवर कुणाला ठाऊक नसतो. तो खरोखर किती पाण्यात आहे, हे जत्रा सांगू शकत नाही. आणि सगळ्यांत वर पाहावे तर थेट देशाचा किताब. ‘हिंदकेसरी’ची स्पर्धा १९५८ साली सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी, १९५९ मध्ये, श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीत तो मान मिळवला. १९६० मध्ये गणपतराव आंदळकरांनी, १९६४ मध्ये मारुती माने यांनी. ही माणसे मोठीच. १९६२ च्या जाकार्ताच्या आशियाई खेळांतून आंदळकर आणि माने, दोघेही पदके घेऊन आले होते. पण रेवड्यांची कुस्ती आणि हिंदकेसरी यांच्यामध्ये जे अंतर होते, ते एका उडीत ओलांडणारा गडी शतकात एखादाच. बाकीच्यांनी काय करावे?

पूर्वी हे अंतर संस्थानिकांनी भरून काढले होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गावोगावच्या पोरांना खुराक दिला, उत्तरेतले नामांकित मल्ल दरबारी ठेवले, तालमी वसवल्या आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. मैदान कसले, जमिनीत खोदलेली मोठी परातच ती! मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. मध्ये खांब नाही, आड नाही. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही मल्लाच्या दंडावरची माती दिसते. सांगली, मिरज, औंध, अक्कलकोट अशी लहानमोठी संस्थाने या मुलखात होतीच. मल्लाला राजाश्रय मिळाला की त्याच्या दुधाबदामाची चिंता सुटत असे. पुढे १९४८ साली दक्षिणेतली लहान संस्थाने विलीन झाली, १९४९ साली कोल्हापूरही झाले. ते योग्यच झाले. राजे गेले आणि रयत राजा झाली. परंतु पैलवानाच्या ताटातला खुराकही त्याबरोबर गेला, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

त्या पोकळीचे चटके कसे होते, ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या गोष्टीवरून कळते. १९४८ साली लंडनला ते सहावे आले होते. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा खर्चाला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले ऑलिंपिक पदक. कथा ऐकताना ऊर भरून येतो खरा. पण मागाहून मनात येते की, प्रत्येक पोरासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य कोठून आणायचा? एका माणसाच्या थोरवीवर व्यवस्था चालत नाही.

व्यवस्था उभी राहिली ती पुढल्याच वर्षी. १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या तालमी एका धाग्यात ओवायच्या, वजनांचे गट ठरवायचे, पंच तयार करायचे, निवड चाचण्या घ्यायच्या, हे काम तसे रुक्ष. त्यात हलगी नाही की फेटा नाही. परंतु या रुक्ष कामातूनच १९६१ साली ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब जन्माला आला. ते साल लक्षात घेण्याजोगे आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि वर्ष उलटते न उलटते तोच त्या राज्याच्या नावाचा मल्ल निवडला गेला. पहिला मान मिळाला दिनकर दह्यारी यांना, आणि तो मिळाला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात.

ही जागाही विचार करण्यासारखी आहे. कुस्तीची पंढरी कोल्हापूर. मोठमोठ्या तालमी पुण्यात. स्पर्धा तेथेच भरवली असती तर कुणी नावे ठेवली नसती. परंतु पहिल्या वर्षी ती मराठवाड्यात गेली, दुसऱ्या वर्षी खानदेशात धुळ्याला. मग १९६४ मध्ये अमरावती, १९६५ मध्ये नाशिक, १९६६ मध्ये जळगाव, १९६७ मध्ये खामगाव, १९६८ मध्ये अलिबाग, १९६९ मध्ये लातूर. पुण्याची पाळी आली १९७० साली आणि कोल्हापूरची १९७२ साली! नवे राज्य अजून आपल्या अंगाची ओळख करून घेत होते. वऱ्हाडाला कोकण परके होते, मराठवाड्याला खानदेश. भाषणांनी जे एकीकरण व्हायचे ते होत होते. पण अलिबागच्या समुद्रावरच्या माणसाने घाटावरच्या पैलवानाचा कलाजंग पाहून टोपी उडवली, तेव्हा ते अधिक झाले असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

विजेत्यांची यादी वाचणे हाही एक आनंद आहे. दह्यारींच्या मागून भगवान मोरे, गणपत खेडकर लागोपाठ दोनदा, दीनानाथ सिंह, चंबा मुतनाळ दोनदा, हरिश्चंद्र बिराजदार, दादू चौगुले दोनदा, लक्ष्मण वडार दोनदा, युवराज पाटील. पुढे इस्माईल शेख, सरदार खुशहाल, गुलाब बर्डे, सईद चाऊस, नरसिंग यादव. एका ओळीत इतक्या जातींची, धर्मांची, मुलखांची नावे दुसऱ्या कुठल्या यादीत सापडतील? हौद्यात उतरताना अंगावर लंगोटाखेरीज काही नसते. आडनाव काठावर कपड्यांबरोबर राहते.

ही पायरी खरोखर वर नेते की नाही, याची साक्षही याच यादीत आहे. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. दादू चौगुले १९७० आणि १९७१ चे केसरी. १९७४ साली क्राइस्टचर्चला ते राष्ट्रकुलचे रौप्यपदक घेऊन आले. दीनानाथ सिंह पुढे हिंदकेसरी झाले. आणि ही माणसे वर गेली ती खालचा जिना विसरून नव्हे. बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले आणि त्यांनी मल्लांची एक पिढी घडवली. दादूंचे चिरंजीव विनोद चौगुले २००० साली महाराष्ट्र केसरी झाले. नंतर कोल्हापूरला हा मान थेट २०२२ साली, साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलने मिळवून दिला. कुस्तीच्या पंढरीला एकवीस-बावीस वर्षे वाट पाहावी लागावी, यातच या स्पर्धेचे मोल आले. तेथे गावाचे नाव कामाला येत नाही.

आता थोडे आपल्या सोलापूर जिल्ह्याविषयी. अकलूजला १९७६ साली ही स्पर्धा भरली आणि हिरामण बनकर केसरी झाले. १९८६ साली ती खुद्द सोलापुरात भरली. तेथे गुलाब बर्डे यांनी मान पटकावला. २०११ साली पुन्हा अकलूज, आणि नरसिंग यादवचा पहिला किताब. तेव्हापासून ओळीने तीन वर्षे, २०११ ते २०१३, तो केसरी झाला. पण सोलापूर जिल्ह्याचा खरा अभिमान आहे तो बोरामणीचा. सोलापूरजवळच्या या गावातल्या शेख घराण्याने महाराष्ट्राला तीन केसरी दिले: १९८० साली खोपोलीला इस्माईल शेख, १९९२ साली पुण्यात आप्पालाल शेख आणि २००२ साली जालन्यात मुन्नालाल शेख. एका घरातून तीन! कोल्हापूरसारखे राजमैदान नाही, पुण्यासारखी पेठेतली तालीम नाही. ज्वारीची भाकरी, कोरडवाहू रान आणि घरातलाच वस्ताद. मधली पायरी असते ती अशा घरांसाठी. तिच्यावाचून बोरामणीचे नाव सोलापूरच्या वेशीबाहेर गेले असते की नाही, कोण जाणे.

आप्पालाल शेख यांच्या विजयाला आणखी एक पदर आहे. तो उलगडून सांगितला पाहिजे, कारण माझ्या मते या स्पर्धेचे सारे सत्त्व तेथे आहे. १९८९ साली वर्ध्याला, १९९० साली कोल्हापूरला आणि १९९१ साली अमरावतीला स्पर्धा भरली. मल्ल आले, प्रेक्षक आले, हलग्या वाजल्या, पण किताब कुणालाच मिळाला नाही. शेवटची कुस्ती निकाली झाली नाही. १९७७ साली चाळीसगावलाही असेच झाले होते. ‘अनिर्णित’ हा एकच शब्द यादीत त्या सालापुढे लिहिलेला आहे.

वाचकहो, हा शब्द लिहिणे सोपे नसते. हजारो लोक सकाळपासून उन्हात बसलेले. यजमानांनी खर्च केलेला. पाहुणे मानाचा फेटा हातात घेऊन खोळंबलेले. अशा वेळी कुणाचा तरी हात वर करून मोकळे व्हावे, असे कुणालाही वाटेल. तीन वर्षे ओळीने तसे केले नाही आणि यादीतली तीन घरे रिकामी ठेवली. ती रिकामी घरे पाहून मला यादीतल्या भरलेल्या घरांवर अधिक विश्वास वाटतो. चवथ्या वर्षी बोरामणीच्या मल्लाने ते घर भरले, तेव्हा त्याच्या नावापुढे कुणाच्या मेहेरबानीचा डाग नव्हता. सर्वोच्च किताबाला झगमगाट असतो. झगमगाटात एखादा डाग झाकून जातो. मधल्या पायरीला झगमगाट नाही. तिच्याजवळ असतो तो केवळ भरवसा. तो गेला की ती पायरी राहत नाही. नुसता दगड उरतो.

स्पर्धेचे रूप या साठ वर्षांत पुष्कळ बदलले. जुन्या काळी मातीवर लढत असत. खडाखडी होई, पट निघे, मग कुणी घिस्सा मारी, कुणी ढाक लावी, कुणी सवारी भरून बसे. पाठ मातीला टेकून दोन्ही खांदे लागले की चितपट. तोवर घड्याळाकडे कुणी पाहत नसे. परंतु जगाची कुस्ती गादीवर गेली. तेथे नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्धा मिनिट विसावा आणि प्रत्येक पकडीला गुण. दहा गुणांची आघाडी झाली की चितपट न करताही कुस्ती जिंकता येते. मातीत वाढलेला गडी गादीवर उभा राहिला की प्रथम बावचळतो. माती पायाला धरते, गादी पायाला फेकते. मातीत दम लागतो, गादीवर वेग.

महाराष्ट्र केसरीने या पेचावर मोठा समजूतदार तोडगा काढला. स्पर्धेचे दोन विभाग केले, एक माती आणि एक गादी. ८६ ते १२५ किलो वजनाचे मल्ल केसरीच्या किताबासाठी दोन्हीकडे वेगवेगळे लढतात. मातीचा विजेता आणि गादीचा विजेता मग एकमेकांसमोर उभे राहतात. जत्रेतून आलेल्या पोरालाही दार उघडे, आणि ज्याला परदेशी जायचे आहे त्यालाही. जुने टाकायचे नाही आणि नव्याला पाठ दाखवायची नाही, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना जमते तसे या स्पर्धेला जमले.

किताबाबरोबर मिळते ती चांदीची गदा. आत लाकूड, वर चांदीचा कोरीव पत्रा. मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून ती दिली जाते. खांद्यावर गदा घेतलेल्या मल्लाचे छायाचित्र गावच्या पारावर, केशकर्तनालयात, दुधाच्या डेअरीत वर्षानुवर्षे टांगलेले असते. पण गदेने पोट भरत नाही. पूर्वी केसरीला मिळे तो मान आणि जत्रांची वाढलेली बिदागी. आता काळ पालटला आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात शिवराज राक्षेने किताब जिंकला, तेव्हा त्याला पाच लाख रुपये आणि एक जीपगाडी मिळाली. त्याच मैदानावर राज्य सरकारने मल्लांचे मानधन तिप्पट करण्याची घोषणा केली. नरसिंग यादव आणि पुढे ओळीने तीनदा केसरी झालेला विजय चौधरी यांना पोलीस खात्यात उपअधीक्षकाची जागा मिळाली. हे चांगलेच आहे. पैलवानाचे वैभव तिशीपर्यंतचे. नंतर शरीर खुराक मागते आणि मैदान ओळख देत नाही. गदा घेतलेल्या तरुणाला सारे ओळखतात. गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या मल्लाला रस्त्यात वाट देणारे थोडे.

एका उणिवेचाही उल्लेख केला पाहिजे. केसरी म्हटला की वजनदारच हवा, ही आपली समजूत. लहान वजनाच्या गटांतले विजेते पदक घेऊन मुकाट्याने एसटी धरतात. छायाचित्र निघते ते मोठ्याचे. आणि गंमत अशी की, ज्यांच्या पदकाचा आपण इतका अभिमान बाळगतो ते खाशाबा जाधव चणीने लहान, बँटमवेट गटातले होते. आजच्या नियमाने त्यांना महाराष्ट्र केसरीच्या हौद्यात उतरताही आले नसते! दुसरी उणीव मुलींची. त्यांच्यासाठी महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीला झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. मुलांची पायरी १९६१ सालची. मुलींना तिच्यावर चढायला बासष्ट वर्षे लागली. उशीर झाला, पण दार उघडले.

या स्पर्धेतला एक प्रसंग मात्र कितीदा सांगितला तरी पुरेसा नाही. जानेवारी २०२० मध्ये पुण्याजवळ बालेवाडीला शेवटच्या कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघे एकाच वस्तादाचे, काका पवारांचे पठ्ठे; एकाच आखाड्यात घाम गाळलेले. एकमेकांचे डाव पाठ. कुस्ती अटीतटीची झाली आणि अगदी शेवटच्या क्षणांत हर्षवर्धनने ती ३-२ अशी जिंकली. जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायला लोक धावतात, ही रीत. येथे जिंकलेल्यानेच हरलेल्याला खांद्यावर उचलले आणि मैदानभर मिरवले. त्या दिवशी गदा एकाला मिळाली, पण मान दोघांचा झाला.

दुर्दैवाने नंतरचे दिवस इतके गोड नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये माती विभागाच्या लढतीत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख एकमेकांना भिडले. एक मंगळवेढ्याकडचा, दुसरा मोहोळचा. दोघेही आपल्याच जिल्ह्याचे. महेंद्रच्या एका टांगेला चार गुण मिळाले, आणि ते चार गुण खरे की नव्हेत यावर गावोगावच्या पारावर महिनाभर वाद चालला. सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला किताब जिंकून आपले उत्तर मातीच्या भाषेत दिले, हे त्याला शोभले. परंतु तोवर दुसरेच काही तरी घडले होते. २०२२ साली राष्ट्रीय महासंघाने जुन्या परिषदेची मान्यता काढली, दुसरी संघटना उभी राहिली, प्रकरण न्यायालयात गेले; आणि २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला एक आणि धाराशिवला दुसरी अशा दोन ‘महाराष्ट्र केसरी’ झाल्या. २०२५ साली फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला, आणि मार्चअखेर त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला सोलापूरचा वेताळ शेळके केसरी झाला. अहिल्यानगरला तर पंचांच्या निर्णयावरून एवढा क्षोभ झाला की एका मल्लाचा पाय पंचावर उठला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. या साऱ्या पोरांनी घाम गाळला आहे, यात शंका नाही. त्यांच्या मेहनतीला दोन गदांमुळे उणेपणा येत नाही. उणेपणा येतो तो नावाला. एका जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन केसरी झाले, तर दुधनीच्या जत्रेत नारळ जिंकलेल्या पोराने आपल्या वस्तादाला काय विचारावे? “वस्ताद, मी कुठला केसरी व्हायचं?” आणि वस्तादाने काय सांगावे?

ज्यांच्या हाती आज ही स्पर्धा आहे, मग ते या बाजूचे असोत की त्या, त्यांनी १९८९ ते १९९१ ही तीन रिकामी घरे एकदा डोळ्यांसमोर आणावीत. त्या वेळच्या माणसांना एकही विजेता जाहीर न करण्याची हिंमत होती. आज एकापेक्षा जास्त जाहीर करण्याची घाई आहे. त्या मोकळ्या घरांनी स्पर्धेची पत राखली, आणि त्या पतीच्या बळावरच आजची जीपगाडी आणि आजची नोकरी उभी आहे. दोन्ही मंडळींनी एका हौद्यात बसून हा वाद मिटवला, तर त्यात कुणाचीच पाठ मातीला लागणार नाही.

तोवर खालची पायरी थांबलेली नाही. दिवाळीचे फटाके संपले की थंडी पडेल. पहाटे चार वाजता सीमेवरच्या कुठल्या तरी तालमीत कंदिलाच्या जागी आलेला विजेचा दिवा लागेल. दहा-बारा पोरे जोर काढू लागतील, वस्ताद मराठीत मोजील आणि कानडीत दरडावील. फावड्याने माती उकरली जाईल, तिच्यावर तेलाची धार पडेल. तिथल्या एखाद्याच्या मनात एका गदेचे चित्र असेल. ती गदा एकच असावी, एवढीच त्याची मागणी आहे. आणि दिवाळीच्या दिवसांत पोराची इतकी साधी मागणी कोणत्याही घरात मोडली जात नाही.